धुतलेला डबा आणि मालकांचा नारळ

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली. कोणाला दाखवायचं नाही, म्हणूनच लिहिते.

लग्न होऊन निघाले तेव्हा भंडाऱ्याच्या स्टेशनवर आईनं माझ्या डोक्यावर पुन्हा एकदा तेल थापलं. "तिकडचं पानी केस खाते म्हंते. तेल सोडू नको, बाई." दुर्गकडची गाडी सुटली तरी ती तेलकट हात हलवत उभी होती.

आता दुर्गजवळ खुर्सीपारात राहते आणि कामाच्या दिवशी केसांना तेलाचा थेंब लावत नाही. रसमड्याच्या एका कारखान्यात मी पोलादी डबे धुते. या डब्यांतली सगळी हवा काढून टाकतात, मग सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत वायू सोडतात. पसरता पसरता तो इतका गारठतो की त्याचे कण धडपड सोडून सरळ रांगेत धावतात. त्या रांगेवर एक्स-रे लेझरचा झोत मारून शास्त्रज्ञ कणांचे फोटो काढतात. डबे मागवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी बजावलं होतं, "ताई, बोटाचा ठसा राहिला तरी त्याची वाफ आत निघत राहते, मग सगळं फुकट." म्हणून टोपी, हातमोजे, साबण, स्पिरिट, भट्टीत तापवणं, पुन्हा स्पिरिट.

आणि एवढं करून डबा तयार झाला की मालक येतात नारळ घेऊन! नवी वस्तू पूजेशिवाय गेटबाहेर जात नाही, हा त्यांचा नेम. मागच्या खेपेला चकचकीत तोंडावर कुंकवाचं स्वस्तिक, आत नारळाचं पाणी. सगळी धुलाई पुन्हा, आणि वर बोलणी मलाच, माल उशिरा का?

आम्ही बौद्ध. पूजेला नको म्हटलं तर काय ऐकावं लागेल, ते ठाऊक होतं. म्हणून गिळलं.

या खेपेला मॅडमनी साफ कळवलं, लेझरवरची त्यांची वेळ ठरली आहे. डबा पुन्हा उशिरा आला तर काम दुसऱ्या कारखान्याला. मग धुण्याच्या खोलीत माझं काय उरणार? तरी मालक ताट घेऊन आलेच. मी डब्यापुढे उभी राहिले.

"साहेब, याले हात नका लावू."

वेल्डर साहू हसला. "काबर ओ दीदी? तुम्हारे में नारियल नहीं चलता, इसलिए?"

"नाही चालत? मंग तुले खोबऱ्याची चटनी रोज कोन देते रे?" मी मालकांकडे वळले. "साहेब, घासून घासून हात सोलले माहे. आता कुंकू लावान तं तुमीच घासा."

मालक नागपूरकडचेच. "अन् मी पूजा कायची करू, बाई?"

"डबा भरून जाते त्या पेटीची करा. लाकडाची हाय थे."

नारळ पेटीवर फुटला. डबा वेळेवर गेला.

माहेरी गेले की भाऊ हसतो, "तुह्या बोलन्यात हिंदी घुसली." मी ऐकून घेते, पाहुणीनं काय भांडायचं? इथं मात्र नारळ फुटला त्याच दिवशी साहूशी पुन्हा कडाक्याचं भांडण झालं. खोबऱ्याचा मोठा तुकडा त्यानं उचलला होता.