करवंदीच्या जाळीतलं पाचारण

आमच्या संस्थेची स्थापना माझ्या संशयी स्वभावामुळे झाली. माहितीपत्रकात तसं छापलेलं नाही. तिथं 'डोंगरवाड्यांवरील माताभगिनींचे हाल पाहून साळवे दांपत्याचं हृदय कळवळलं' असं वाक्य आहे. ते निम्मं खरं आहे. दांपत्यातल्या बायकोचं हृदय कळवळलं होतं. नवऱ्याचं त्या वेळी नुसतं धडधडत होतं, कारण तो करवंदीच्या जाळीत उकिडवा बसला होता.

तो नवरा म्हणजे मी, शमुवेल साळवे. माझी सगळी नोकरी लोणावळ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे गेली. त्या भोकातून माणसाचं अर्धंच तोंड दिसतं, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याचा संशय घ्यायची सवय लागते. ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. माझी बायको मार्था दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. शेवटच्या वर्षी तिला ड्युटीवर दोनदा चक्कर आली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तेव्हा मी तिच्याकडून शब्दच घेतला, "यापुढे कुणाच्या घरी जाऊन कुणाला तपासायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. "कुणाच्या घरी जाणार नाही." (हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

बदल्यात तिनं माझी चिक्की बंद केली. मला साखरेचा आजार आहे. पण उभा जन्म लोणावळ्यात काढलेल्या माणसाला चिक्की बंद करायची म्हणजे मासा तळ्यात ठेवून पाणी बंद करण्यासारखं आहे! असो. आम्ही बेगडेवाडी स्टेशनाजवळ दोन खोल्या बांधल्या आणि सुखानं राहू लागलो. सुख तीन महिने टिकलं.

मग मार्था दर मंगळवारी देहूरोडला भगिनी मंडळाच्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. माझी हरकत नव्हती. प्रार्थनेला कोण हरकत घेणार? पण आमच्यात एक जुनी रीत आहे. भात लावताना रोज मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा गोरगरिबांसाठी चर्चमध्ये द्यायचा. एकदा महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी सहज तो डबा हलवला. आवाज नाही! उघडला, तर तळाला एक भुंगा फिरत होता. पुढच्या आठवड्यात माझे दोन टॉवेल गेले. मग माझे जुने, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले बनियन एकेक करून नाहीसे झाले. चोर शिरला म्हणावं, तर नवे बनियन तिथंच होते.

आणि मग सापडलं तिकीट! मार्थाच्या पिशवीत मी चष्मा शोधत होतो. (चष्मा माझ्या नाकावर होता, पण ते जाऊ दे.) बेगडेवाडी ते कामशेत, परतीचं, मंगळवारचं. देहूरोड पुण्याच्या बाजूला, कामशेत लोणावळ्याच्या बाजूला. म्हणजे गाडीसुद्धा उलटी! आणि ही लबाडी कुणाशी, तर तिकिटं विकून म्हातारा झालेल्या माणसाशी! माझ्या मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही, कारण आमच्या चर्चचे पाळकसाहेब हे वाचणार आहेत.

संध्याकाळी मी आडून आडून विषय काढला.

"सभा कशी झाली?"

"छान झाली."

"कुठल्या वचनावर बोलले?"

"शेजाऱ्यावर प्रीती करा."

"कुठल्या शेजाऱ्यावर?"

मार्थानं भाजी चिरणं थांबवलं. "अहो, तुमच्या तोंडाला भाजक्या शेंगदाण्यांचा वास कसला येतोय?"

मी लगेच बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलं. पाऊस होऊन गेला होता, तरी घातलं.

पुढच्या मंगळवारी मी तिच्या मागावर निघालो. मे महिना होता. सोबत काळी छत्री, खिशात चिक्कीचे चार तुकडे (शिदोरी म्हणून) आणि बगलेत काळ्या कव्हरचं बायबल. ही शेवटची युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. कुणी हटकलंच, तर 'प्रार्थनेला चाललोय' म्हणता येईल! बायबल हातात असलं की मला कुणी काही विचारत नाही, असा माझा बेगडेवाडीतला अनुभव होता. बेगडेवाडीतला अनुभव कामशेतच्या पुढे चालत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

ती बायकांच्या डब्यात, मी शेवटच्या डब्यात. कामशेतला उतरून ती पवनेकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसली, मी मागच्या जीपच्या पायरीवर. एका गावाशी उतरून ती डोंगराची पायवाट चढू लागली. दोनदा चक्कर आलेली माझी बायको शेरडासारखी चढत होती आणि मी दर वळणाला झाडाला टेकून देवाचा धावा करत होतो! वर ठाकरवाडी, दहापंधरा घरांची. मार्था पहिल्याच घराच्या अंगणात बसली. समोर करवंदीची दाट जाळी होती. मी आत शिरलो. करवंदीला काटे असतात हे आपण शाळेत शिकतो, पण किती असतात ते आत शिरल्यावर कळतं.

फटीतून पाहिलं. अंगणात गोणपाटावर एक पोर बसली होती, विशीचीही नसेल, दिवस भरत आलेले. मार्था तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती. शेजारी तांदळाची पिशवी. दोरीवर माझा बनियन वाळत होता. त्याची चार दुपटी झाली होती, पण मी ओळखला.

मला काहीतरी कळायला लागलं होतं. (विचार करायला मदत म्हणून मी चिक्कीचा एक तुकडा तोंडात टाकला.) तेवढ्यात मागून किंकाळी आली.

"अगं बया! जाळीत मानूस हाय!"

करवंदं तोडायला आलेली एक म्हातारी होती. तिनं क्षणाचाही विचार न करता माझा पाय धरला आणि ओढलं. ठमाबाई तिचं नाव. तिच्या मनगटात काय जोर! मी बाहेर आलो, माझ्या उजव्या पायातला बूट मात्र आतच राहिला. छत्रीही राहिली. बायबल तेवढं आलं.

वाडी जमा झाली. त्यातच खालच्या गावातले आबा होते. पांढरा सदरा, मोठी बागायत, दुधाची पिकअप आणि गावात शब्दाला वजन. भाताच्या राबाला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, माणसं सांगायला ते वर आले होते.

"कोन तुमी?"

"मी... वाटसरू."

"वाटसरू वाटंनं जातो. जाळीत बसून चिक्की खात न्हाई."

"प्रार्थनेला चाललो होतो."

आबांनी माझ्या हातातलं बायबल घेतलं, दोन पानं उलटली आणि मान हलवली. "अस्सं! मंजी ती पिशवीवाली बाई आन् तुमी एकाच माळंचं मनी. धर्म बदलाया आलाय व्हय?"

"अहो आबा, मला घरातला उडालेला बल्ब बदलता येत नाही! धर्म काय बदलणार?"

कुणी हसलं नाही. (बल्ब मार्थाच बदलते.) एवढ्यात ती धावत आली.

"अहो! तुम्ही? इथं?"

"वळख हाय का?" आबांनी विचारलं.

"नवरा आहेत माझे," मार्था म्हणाली. केसपेपरवर रोगाचं नाव लिहिताना तिचा जो चेहरा असतो, तोच तेव्हा होता.

"मग नवरा बायकूच्या मागं जाळीत लपून कशापाई बसतो?"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. बायकोचा संशय आला म्हणून, हे खरं उत्तर. पण साठीच्या घरात, एका बुटावर उभं राहून ते उत्तर देता येईना! मी सदऱ्यातले काटे उपटू लागलो. प्रश्न सोडून काटे उपटणारा माणूस आणखीच लबाड दिसतो.

"बरूबर न्हाई ह्ये," आबा म्हणाले. "आजपासनं भायेरचं कुनी वाडीवर यायचं न्हाई. बाईबी न्हाई."

"आबा, आसं नगा करू," ठमाबाई पुढे झाली. "सूनंला नववा लागलाय. मागल्या बारीला डोंगर उतरता उतरता बाळ गेलं आमचं. ह्या बाई दवाखान्यात व्हत्या तवा. तवापासनं सांगीला त्यांचाच भरवसा हाय."

आबांनी मान फिरवली. मी सांगीकडे, त्या गोणपाटावरच्या पोरीकडे, पाहिलं. तिनं मार्थाचा पदर मुठीत धरला होता, यात्रेत लेकरू आईचा धरतं तसा. खोटं कशाला सांगू, मला माझी लाज वाटली. माझ्या बायकोनं इतक्या मंगळवारी हा डोंगर चढून जे जमवलं होतं, ते मी एका सकाळी जाळीत बसून मोडलं होतं. आणि त्यापायी ही पोर पुन्हा एकटी पडणार होती. त्या लाजेच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, "संस्था आहे आमची!"

मार्थानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कसली संस्था?"

"गरोदर बायांच्या तपासणीची. ह्या तपासतात, मी... लांबून पाहणी करतो."

"जाळीतनं?"

"कामात अडथळा नको म्हणून."

"नाव काय संस्थेचं?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सदऱ्याला अडकलेली फांदी दिसली. "करवंद," मी म्हणालो. "करवंद सेवा मिशन."

"कागद हायेत?"

"नोंदणी चालू आहे."

आबांनी बराच वेळ मला निरखलं. माझ्याकडे असं संशयानं कुणी बघावं, ही वेळ पहिल्यांदाच आली होती. तिकीट खिडकीच्या पलीकडून जग कसं दिसतं ते तेव्हा कळलं. शेवटी ते म्हणाले, "बाईंनी यावं. पर सरकारी आशाताई संगट पायजे, आन् मी सोता समोर बसनार. कागद कवा दावताय?"

"लवकरच," मी म्हणालो.

डोंगर उतरताना मार्था पुढे झपाझप चालत होती. मी एका पायात बूट आणि दुसऱ्याला तिचा रुमाल गुंडाळून लंगडत होतो.

"तू मला शब्द दिला होतास," मीच सुरुवात केली. (माझं धाडस बघा!)

"दिला होता आणि पाळलाय. कुणाच्या घरात पाऊल टाकलं नाही. अंगणात बसते."

"आणि भगिनी मंडळ?"

"ते खोटं बोलले. त्याचं मी देवाशी बघून घेईन. पण तुम्ही अख्ख्या वाडीसमोर संस्था काढलीत ना? आता काढा!"

"अगं, ते आपलं वेळ मारून न्यायला..."

"सांगीच्या तोंडावर खोटं ठरायचं नाही आपण. आणि खिशातले उरलेले तुकडे इकडे द्या."

तीन होते. तिनं तिन्ही वाटेत भेटलेल्या गुराख्याच्या पोरीला दिले.

संस्था काढायला सात माणसं लागतात. आम्ही दोघं, पाळकसाहेब, मार्थाच्या दोन जुन्या सिस्टर मैत्रिणी आणि माझा धाकटा भाऊ मिळून सहा झालो. सातवा मिळेना. आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक 'प्रार्थना करून कळवतो' म्हणत आणि कळवत नसत. शेवटी आबाच बेगडेवाडीला घरी आले. चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली, भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माजं नाव घाला."

"आबा, तुमचा आमच्यावर विश्वास बसला?" मला भरून आलं.

"न्हाई. म्हनून तर घाला म्हनतोय. आत ऱ्हायलं म्हंजी नदर ऱ्हाती."

पहिला नियमही त्यांनीच सांगितला. तपासताना कुणाला जात नि धर्म विचारायचा नाही, आणि आपला सांगायचा नाही. मार्था म्हणाली, "मी आजवर नाडी बघताना दुसरं काही बघितलंच नाही." तसा तो नियम लिहिला गेला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सांगीला कळा सुरू झाल्या. निरोप मिळाल्यावर आबांनी दुधाचे कॅन रस्त्यावर उतरवले आणि पिकअप डोंगराच्या पायथ्याला लावली. वाडीतल्या गड्यांनी सांगीला झोळीत घालून खाली आणलं. मार्था कामशेतला वाट पाहत उभीच होती, ती पुढे दवाखान्यापर्यंत सोबत गेली. मुलगी झाली. पहिला टॅहँ ऐकून आबा बाहेरच्या बाकावर डोळे पुसत होते आणि 'डिझेलचा धूर लय हाय हितं' असं सांगत होते. मी तर उघडच रडलो. मला धुराची सबब सुचली नाही. ठमाबाईनं आनंदानं सगळ्या दवाखान्याला चिक्की वाटली. मी हात पुढे केला, तर तिनं पुडा मागे घेतला. "बाईंनी सांगितलंय, तुमास्नी न्हाई."

कागद हातात आल्यावर खालच्या गावात छोटासा उद्घाटनाचा कार्यक्रम झाला. ठाकरवाडी उतरून आली. सांगी पुढेच बसली होती, मांडीवर लेक आणि लेकीखाली माझा बनियन. पाळकसाहेबांनी भाषण केलं. ते भाषणात वाहवत जातात.

"रानातल्या झुडपातून देवानं मोशे संदेष्ट्याला हाक मारली," ते म्हणाले. "तसंच आमच्या साळवेबंधूंना करवंदीच्या जाळीतून पाचारण झालं!"

टाळ्या पडल्या. मी डोळे मिटून मान लववली. मला त्या क्षणी ते पटलंसुद्धा होतं. इतक्यात ठमाबाई उभी राहिली.

"त्यो मोशे कोन मला ठावं न्हाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "हाक कुनी मारली त्ये बी ठावं न्हाई. पर ह्येंला जाळीतनं वडलं म्या. तंगडी धरून!"

मंडप हसून लोळला. आबा तर खुर्चीवरून घसरले. मार्थानं पदर तोंडाशी धरला होता, पण खांदे हलताना मला दिसत होते. कार्यक्रम संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठून म्हणालो, "ती मोशेची उपमा काही सगळीच चुकीची नव्हती हं."

मागून मार्था आली. ती म्हणाली, "अहो, मोशे झुडपाच्या बाहेर उभा होता. आणि देवानं सांगितल्यावर त्यानं पायातले दोन्ही जोडे काढले होते."

ते मात्र खरं आहे. माझा एकच निघाला, आणि तो अजून जाळीतच आहे.