चिमीचं माप

रंगूनवाली आत्या माणसाला आधी नजरेनं मापायची, मग बोलायची. सौंसरला आमच्या शेजारी तिच्या भावाचं घर होतं. भाऊ रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून, म्हणून ही विधवा बहीणही कैक वर्षं तिकडेच राहिलेली. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, भावाची नोकरी सुटली आणि दोघं परत आली. सामानात एक शिवणयंत्र होतं आणि आत्याच्या तोंडी एकच नाव, चिमी.

लढाईनं रस्त्यावर आणलेल्या पोरांसाठी रंगूनला एक आश्रम होता. आत्या तिथे रोज फुकट राबायची. उवा काढायची, न्हाऊ घालायची, मिळेल त्या कापडाचे कपडे शिवायची. "रस्त्यावरच्या पोराचं आधी माप घ्यावं, मंग त्याले जेवू घालावं," ती सांगायची. "माप घेतलं का त्याले वाटते, आपल्यासाठी काही होऊन राहिलं." चिमी तिला बंदरावर पोत्यांच्या आडोशाला सापडली होती. तिला बरोबर आणायला आत्यानं फार खटपट केली. पण पोरीच्या नावाचा एकही कागद नव्हता. बोटीवर कोण घेणार?

चिमी माझ्याच वयाची. म्हणून दर दिवाळीआधी टेप माझ्या अंगाला लागायचा. "सरळ उभी राय वं पोरी. चिमीबी आता एवढी झाली असन." पोर वाढत्या अंगाची, म्हणून खाली चार बोटं जादा कापडाची माया दुमडून ठेवून फ्रॉक शिवायचा आणि पार्सलनं रंगूनला धाडायचा. पहिली दोन वर्षं आश्रमाचं पत्र आलं, पुढे तेही बंद झालं. पार्सलं मात्र जात राहिली. मी हेव्यानं जळायची. दर वर्षी ताटकळत उभं राहायचं मी आणि फ्रॉक मिळायचा तिला!

नागपूर आमच्यापासून तुटून मुंबई राज्यात गेलं आणि आमचं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, त्या वर्षीची गोष्ट. "रेघ ओढणाऱ्याचं काय जाते?" असं पुटपुटत आत्या माप घेत होती. पांढुर्ण्याच्या बाजारातून आणलेलं निळ्या ठिपक्यांचं कापड समोर पडलेलं. मला ते हवं होतं. मी फटकन म्हणाले, "आन् ते मेली असन तं?"

आत्या रागावली नाही. टेप गुंडाळत एवढंच म्हणाली, "मलेबी कधी कधी तसंच वाटते वं."

दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं मला हाक मारली आणि फ्रॉक हातात दिला. "घे. तुह्याच मापाचा हाय."

मी तो हावऱ्यासारखा घातला. कुठे ढिला नाही, कुठे तंग नाही. खाली चार बोटं माया ठेवलेली होतीच.

त्यानंतर आत्यानं कुणाचं माप घेतलं नाही. यंत्रावर चादर पडली. पोस्टमन दिसला की ती ओट्यावर यायची, तेही सोडलं. दोन वर्षांनी ती गेली, तेव्हा मी खूप रडले, पण कशासाठी ते घरात कुणाला सांगू शकले नाही.

आज मला नातवंडं आहेत. चिमी तेव्हा जिवंत असेल, तर त्या दिवाळीला पार्सलाची वाट पाहत असेल. आणि तिचा फ्रॉक माझ्या अंगावर होता.