थोरल्या साडूंचा कासरा

आमच्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. आणि मी पैज सहसा हरत नाही. मलकापुरात हातगाडीवर प्लास्टिकच्या बादल्या विकायला लागलो, आज दोन शटरचं दुकान आहे. माणूस काय आहे ते मला त्याच्या पहिल्या वाक्यात कळतं. साडूंचं पहिलं वाक्य माझ्या लग्नातलं. मी बोहल्यावर चढत होतो आणि ते मांडवाचा खांब हलवून बघत होते. म्हणाले, "शेठ, जरा इकडून उभे राहा. हा खांब मले काही बरोबर दिसून नाही राह्यला." लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी एका बाजूला कललेला आहे तो त्यामुळे. खांब काही पडला नाही. तो पडला असता तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

ते साखरखेर्ड्याकडच्या एका शाळेत मास्तर आहेत. कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत अंगणात उभे राहतात. मोबाइल चार्जिंगला लावून स्वतः शेजारच्या खोलीत बसतात. मोटारसायकलवर मागे बसले तर उतार आला की उतरतात, आणि आपण खाली पोचून दहा मिनिटं थांबलो की हळूहळू चालत येतात. एसटीत त्यांना संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशेजारचीच जागा लागते, आणि बसल्याबरोबर तो दांडा फिरतो की नाही हे ते फिरवून बघतात. एकदा लोणारच्या रस्त्यावर तो खरंच फिरला. कंडक्टरनं गाडी थांबवून आधी दार लावलं, मग साडूंना उतरवलं. साडू त्याच्यावर बिलकुल रागावले नाहीत. "दार चालू हाय हे तं समजलं," म्हणाले.

त्यांच्याजवळ एक कासरा असतो. बैलाला बांधतात तोच, जाडजूड, तेलकट. त्याला हातहातभर अंतरावर गाठी मारलेल्या आहेत. शाळेजवळ नाला आहे. पावसाळ्यात पहिली-दुसरीची पोरं त्या गाठी धरून ओळीनं नाला ओलांडतात, पुढचं टोक मास्तरांच्या कमरेला. नाल्याला पाणी घोट्याएवढं असतं. पण एवढ्या वर्षांत एकाही पोराची चप्पलसुद्धा वाहून गेली नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करतात. शत्रू म्हणजे मीच.

सासुरवाडीत पहिलं ताट त्यांचं, पहिला टिळा त्यांना, हे मी सोडून दिलं. ते थोरले आहेत. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते समुद्राचं आहे.

माझी मुलगी गुड्डी तेव्हा सहा वर्षांची होती आणि पाण्याला भयंकर घाबरायची. आंघोळीला बादलीऐवजी तांब्या, तोही अर्धा. खरं सांगायचं तर यात माझा हात होता. भीती अशीच जाते म्हणून मी तिला एकदा मित्राच्या शेततळ्यात, काखेत धरून, छातीएवढ्या पाण्यात उतरवलं होतं. भीती गेली नाही. माझ्यावरचा विश्वास मात्र गेला. त्यानंतर पाण्याजवळ ती माझा हात धरेना. बायको बादल्या अशा आपटायची की आवाज दुकानापर्यंत यायचा. शेवटी मी भर पंगतीत जाहीर केलं, "या सुट्टीत पोरीले समुद्रात उभी करून दाखवतो!" साडू घास हातात धरून म्हणाले, "मंग आमीबी येतो. पोरीसंगं कोणीतरी पाह्यजे नं."

निघण्याआधी त्यांनी तालीम घेतली. तिन्ही पोरांना, म्हणजे त्यांच्या दोघांना आणि गुड्डीला, लोणारच्या सरोवराच्या काठावर नेऊन, पाण्यापासून पन्नास पावलं लांब बसवून सांगितलं, "हे खारं पानी. समुद्र असाच असते, फक्त मोठा." आम्हा सगळ्यांचा समुद्राचा अनुभव एवढाच.

मलकापूरहून रेल्वे, पुढे जीप, असं करत आम्ही कोकणातल्या एका किनाऱ्यावर पोचलो. साडूंनी घरून पिण्याचं पाणी, भाकरी, ठेचा, हळद आणि तो कासरा आणला होता. वाळूवर खुर्च्या आणि छत्र्या भाड्यानं देणारा एक जण होता. मी त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली, आवाज चढवला, दोनदा पाठ फिरवून निघालो आणि अखेर मागच्या रांगेच्या भावात अगदी पाण्याला लागून जागा मिळवली. चपला, डबे, बायकोची पर्स, सगळं तिथं मांडलं. साडूंनी मात्र आपलं गाठोडं आणि सगळ्यांच्या वाटणीच्या भाकरी लांब सुरूच्या झाडाखाली ठेवल्या.

"काऊन, साडूभाऊ? पहिल्या रांगेत जागा घेतली नं!"

"पान्याचा काय भरोसा, शेठ."

"लोणारचं पानी कधी जागचं हललं काय बे?" मी पोरांना विचारलं. पोरं हसली.

आम्ही चहा प्यायला गेलो आणि परत आलो तर छत्री समुद्रात उभी होती. डबा तरंगत होता. चपलांपैकी एक दिसली, तीही बायकोची. मी खुर्चीवाल्याच्या अंगावर धावून गेलो. "जागा पक्की म्हणून सांगितली होती नं तू!"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, जागा तिथंच आहे. वर पाणी आलंय. भरती आहे."

हा राग मी कुठं काढला? पोरीवर. तिला उचललं आणि सरळ पाण्याकडे चालायला लागलो. तिनं माझ्या मानेला नखं रुतवली आणि अशी किंचाळली की फुगेवालासुद्धा थांबला. मी तिला खाली ठेवलं. ती पळत जाऊन सुरूच्या झाडाला मिठी मारून बसली. मला तेव्हाच कळलं की पंगतीतली पैज मी हरलोय, आणि पोरगीही गमावलीय.

भरतीचं पाणी आता झाडापासून कासराभर अंतरावर आलं होतं. मग साडू उठले. धोतराचा काचा मारला, कासऱ्याचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं गुड्डीपुढं धरलं.

"गुड्डीबाई, मले पाय धुवाचे हायेत. पन मले लय भेव लागते."

"खोटं!"

"तुह्या मावशीले विचार. मी कुकरलेबी भेतो. तू हे धर. मी 'वढ' म्हटलं का वढजो."

खोटं काहीच नव्हतं. पहिली लाट घोट्याला लागली तशी ते "वढ!" म्हणून ओरडले आणि गुड्डीनं झाड सोडून दोन्ही हातांनी त्यांना मागं खेचलं. किनाऱ्यावरचे लोक हसायला लागले. पुन्हा गेले. पुन्हा "वढ!" दर वेळी ते एक पाऊल जास्त आत, आणि दर वेळी दोर पुरावा म्हणून गुड्डी एक गाठ पुढं. सातव्या की आठव्या खेपेला लाट तिच्या गुडघ्यांवरून गेली. तिचं लक्षच नव्हतं. ती ओरडत होती, "मावसाजी, भिऊ नोका! म्या धरलं हाये तुमाले!"

मी दहा हातांवर अनवाणी उभा होतो. इतक्या लांबून आणली मी, खर्च माझा, बोल माझा. आणि पोर समुद्रात पहिल्यांदा उभी राहिली ती त्यांच्या दोराच्या टोकाला. संध्याकाळी भाकरीही त्यांचीच खाल्ली. ठेचा चांगला होता, हे नाइलाजानं सांगतो.

तो कासरा मला हवा होता. त्याबदली नवाकोरा नायलॉनचा दोर देऊ केला, वर शाळेसाठी दोन बादल्या. त्यांनी मान हलवली. "तो आता गुड्डीचा हाय, शेठ. तिले विचारा." मी विचारलं नाही.

गुड्डी आता अकरा वर्षांची आहे आणि तिला पाण्यातून बाहेर काढावं लागतं. परवा साडूंचं हर्नियाचं ऑपरेशन बुलढाण्याला होतं. एवढंसं ऑपरेशन, पण त्यांनी तीन दिवस आधीपासून निरोपाचे फोन सुरू केले होते. गुड्डी हट्टानं आली आणि साडूंच्या पिशवीतून तिनं कासरा काढला. चाकांच्या कॉटवरचे साडू एक टोक धरून, ही दुसरं धरून बाजूनं चालत, अशी वरात ऑपरेशनच्या खोलीपर्यंत गेली. दारात नर्सनं थांबवलं. "आजोबा, हे आत चालणार नाही." पन्नाशीच्या माणसाला आजोबा म्हटलं, पण साडूंना त्याचंही भान नव्हतं. त्यांनी आपलं टोक सोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

दार लागलं. गुड्डीला मावशीजवळ बसायचं होतं. मावशी कोपऱ्यात रडत होती. गुड्डीनं सगळा कासरा माझ्या हातात दिला. "बाबा, धरून ठेवजा. सोडजा नोको."

मी बाकावर बसलो. तेलकट वास येत होता, आणि एका गाठीत अजून बारीक वाळू होती. दोन्ही टोकं माझ्याच हातात होती, पलीकडे कुणीही नव्हतं. तरी दार उघडेपर्यंत मी तो सोडला नाही.