पेट म्हणजे पोट नव्हे

"मॅडम, आईचं पेट स्कॅन झालं. एकदम क्लियर हाये," म्हणत गजाननने माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं. चेहरा असा, की जणू बारावीचा निकाल दाखवायला आलाय.

पाकिटात पोटाची सोनोग्राफी होती. लिव्हर नॉर्मल, किडन्या नॉर्मल. त्याच्यामागे तसेच आणखी दोन रिपोर्ट.

मी अकोल्यात रेडिएशनची डॉक्टर आहे, म्हणजे कॅन्सरवर किरणांनी उपचार करते. गजाननची आई पंचफुलाबाई माझी पेशंट. बाळापूरजवळ त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा आहे. त्यांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. किरणं आणि सोबत केमो, असा सगळा उपचार त्यांनी एकदाही न चुकवता घेतला. शेवटच्या दिवशी मी गजाननला बजावलं होतं, की तीन महिन्यांनी नागपूरला एक पेट स्कॅन करा आणि मधल्या काळात आईला तपासायला आणत जा.

"हे काय आणलंस रे?"

"पेटाचं स्कॅन. तुमीच तं म्हनलं होतं."

"मी नागपूरला करा म्हटलं होतं."

"बाळापुरातच होऊन गेलं ना. सेंटरवाल्यानं इचारलं, पेट का करना है क्या? म्या म्हनलं, हो. मंग दर महिन्याले करून राहिलो."

हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना. पेट ही इंग्रजीतली तीन अक्षरं. हिंदीतल्या पोटाशी त्यांचं काही नातं नाही. या तपासणीत थोडी किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या मोठ्या हावरट. त्या ती ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. उपचारानंतर मागे उरलेला बारीकसा आजार असा सापडतो. पोटाच्या सोनोग्राफीत तो सहसा दिसत नाही. मात्र हा स्कॅन घाईने केला तर किरणांमुळे आलेली सूजही चमकते आणि घरादाराची उगाच घाबरगुंडी उडते. म्हणून तीन महिने थांबायचं.

"आणि आई कुठे आहे?"

"मळ्यात. तिले कायले आनू? रिपोर्ट आनला ना."

इथे माझं डोकं सणकलं. माझं शिक्षण मुंबईत झालं, पण राग मला वऱ्हाडीतच येतो. "अबे, कॅन्सर रिपोर्टले झाला होता का? उद्या आईले घेऊन ये!"

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई आल्या. मी गजाननला बाहेर बसवलं.

"मावशी, अंगावरून काही जातं का?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "थोडं लाल जाते. दोन महिने झाले असन."

"मग सांगितलं काहून नाही?"

"पोट्टा म्हने, फोटो साफ आला. आता फोटोच्या वर मी काय सांगू, माय?"

उपचारानंतर असं रक्त दिसलं की दोन शक्यता असतात. एक तर कॅन्सर उरलाय किंवा उलटलाय, नाहीतर किरणांनी नाजूक झालेली जागा जरा धक्का लागला की रक्ताळते. मी तपासलं. गाठ हाताला लागली नाही. जागा लालसर होती, पण नुसत्या हाताच्या भरवशावर मी पैज लावली नसती. आता नागपूरचा स्कॅन खरोखरच हवा होता. या वेळी मी स्वतः तिथे फोन केला.

त्याच आठवड्यात आमच्या हॉस्पिटलच्या डायरेक्टरांनी मीटिंग बोलावली. त्यांना या कॅन्सरच्या पेशंटसाठी पॅकेज काढायचं होतं. उपचार संपले की दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन.

"लोक स्वतःच मागतात, डॉक्टर."

"लोक पोटाचा मागतात, सर," मी म्हटलं आणि गजाननचा किस्सा सांगितला. सर खो खो हसले. मग गंभीर झाले.

"पण एखादीचा आजार नजरेतून सुटला तर?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "पहिल्या स्कॅनमध्ये सगळ्यात जास्त कळतं, सर. तो करायचाच. तो साफ आला की पुढे आजार उलटला तर बहुतेक वेळा पेशंटच्या तक्रारीतून किंवा तपासणीतून कळतो. काही त्रास नसताना पुन्हा पुन्हा स्कॅन केले, तर खर्च, नागपूरच्या खेपा, बुडालेली मजुरी. आणि उगाच काहीतरी चमकलं की तुकडा काढून तपासा."

"म्हणजे स्वस्तात भागवायचं?"

"नाही. घातलेल्या पैशातून पेशंटच्या पदरात काय पडलं, ते बघायचं. गजाननच्या सोनोग्राफ्या स्वस्तच होत्या की!"

सर म्हणाले, "त्या बाईंचा रिपोर्ट आला की मला सांगा."

रिपोर्ट आला. मी तो दोनदा वाचला, मग मायलेकांना आत बोलावलं.

"मावशी, कॅन्सर कुठेच नाही. जागा तेवढी नाजूक झाली आहे. मलम देते."

गजानन रडायलाच लागला. पंचफुलाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. "खरंच नाई?"

"खरंच नाही."

"म्या यंदा शेवंती लावलीच नाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्हनलं, तोडाले मी कुठं रायतो."

गजाननने डोळे पुसता पुसता आईकडे पाहिलं. "तू तं म्हने गुडघे दुखते, म्हनून लावली नाई!"

दोन महिने ही बाई साफ रिपोर्ट उशाशी ठेवून मरणाची वाट बघत होती, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

"आता लावता येईल का शेवंती?" मी विचारलं.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "पन लावतो."

सरांनी पॅकेज गुंडाळलं. आता आमच्याकडे तीन महिन्यांनी एक स्कॅन होतो, आणि पुढचा कारण असेल तरच. त्याला ओपीडीत कोणी पेट म्हणत नाही, नागपूरचा स्कॅन म्हणतात. दर खेपेला तपासणी मात्र सक्तीची. तीन सोनोग्राफ्यांना जे दिसलं नाही, ते एका प्रश्नात कळलं. प्रश्न विचारायला खर्च येत नाही, फक्त पेशंट समोर लागतो.