खूण विचारणारे घोलप

चित्रकार श्री. अनंतराव घोलप यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी ‘प्रथम परिचय’ लिहावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. ‘अनंतरावांच्या अडचणीच्या वेळी आपणच धावून गेला होता’ असं कारण पत्रात दिलं होतं. ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मंडळाला काही कळलं तर नाही ना, अशी शंका आली. शंका हा माझा जुना रोग आहे. लोक दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात. मी न पोळताच फुंकत आलो.

सन छप्पन्नचा हिवाळा होता. फुलसावंगीच्या वाटेवरच्या एका लहान गावात मी शाळामास्तर होतो. एक दिवस आमचे कोतवाल दोंदीबा धापा टाकत वर्गाच्या दारात आले.

“गुरुजी, एक परका मानूस गावोगाव खून विचारत फिरून राह्यला. आज आपल्या गावात आला.”

“कोणाचा खून?”

“ते मले काय ठाव? पाटलाले बी विचारलं त्यानं, की गावची खून सांगा.”

आता वाचकांना आमच्या बोलीतली मेख सांगायला हवी. आमच्याकडे ‘ण’ आणि ‘न’ यांत भेद नाही. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. मुलांच्या पाटीवरची हीच चूक मी रोज खोडत होतो. तरी त्या दिवशी दोंदीबांच्या तोंडची ‘खूण’ मला ‘खून’ म्हणूनच ऐकू आली. प्रत्येक गावाच्या पोटात एखादी न बोललेली गोष्ट असतेच. दुपारपर्यंत अर्ध्या गावाची दारं बंद झाली होती.

अनंतराव मूळचे सातारा भागातले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही बाजाराची, दवाखान्याची वाट सापडावी, म्हणून गाडीवाटेच्या आणि पायवाटेच्या प्रत्येक फाट्यावर चित्राचे दगड उभे करायचे, असं त्यांच्या मनात होतं. चुना, काव आणि नीळ विकास गटाकडून मिळे. बाकी सगळं त्यांचं. त्यांची एक रीत होती. चित्र ते स्वतः ठरवत नसत. गावात जायचं, चार दिवस राहायचं, माणसांना विचारायचं, ‘तुमच्या गावाची खूण कोणती?’ आणि गाव जे सांगेल तेच दगडावर काढायचं.

हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी शाळेच्या खिडकीतून पाहत होतो. हा गृहस्थ वहीत घरं काढतो, झाडं मोजतो, फाट्यावर उभा राहून ‘अनोळखी माणूस इथे कुठे चुकतो?’ असं विचारतो. आधी वाटलं, गुप्त पोलीस असावा. मग वाटलं, पोलीस असता तर आधी पाटलांना भेटून कागद दाखवला असता. त्या अर्थी हा दरोडेखोरांचा हेर. माझ्या तर्काला मी स्वतःच शाबासकी दिली.

त्याच संध्याकाळी मी ठाण्याला निनावी अर्ज लिहिला. ‘सदर इसम घरांचे नकाशे काढीत असून जुन्या खुनांच्या मिषाने लोकांस भयभीत करीत आहे.’ अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिला.

अनंतरावांना तीन दिवस ठाण्यावर बसवून ठेवलं. रंगाचे डबे, कुंचले, वही, सगळं जप्त झालं. दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना. भाकरी-भाजी बांधून मी ठाण्यावर गेलो. अनंतरावांनी हात जोडले आणि म्हणाले, “गुरुजी, या मुलखात माझी चौकशी करणारे तुम्ही पहिले.” ते खरंच होतं, चौकशी मीच लावली होती. पुढे वहीची पानं पाहून फौजदारांना हसू आलं आणि त्यांनी अनंतरावांना सोडलं. दुसरा कोणी असता तर एसटी धरून आपलं गाव गाठलं असतं. हे दुसऱ्याच दिवशी आमच्या फाट्यावर चुना कालवत बसले होते.

त्यांचा कणा मी पाहिला तो पुढच्या उन्हाळ्यात. नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या घरांची वस्ती गावाबाहेर होती. तिला वेगळा दगड कशाला, असं गावातल्या मोठ्यांचं म्हणणं. अनंतराव वस्तीत गेले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. एक म्हातारबाई पुढे आल्या. म्हणाल्या, “आजवर आमची खून दुसऱ्यानंच ठेवली बाप्पा. आता आमी सांगतो. पिंपयाचं पान काढ.” पाटील रागावले. अनंतराव इतकंच म्हणाले, “ज्या वस्तीला वाट आहे, तिला दगड आहे.” ते पिंपळपान त्यांनी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत काढलं. त्यांच्याबद्दलची माझी शेवटची शंका त्या दिवशी गेली.

पण एक दगड कोरा राहिला. आमच्या शेजारच्या तांड्याचा.

अर्जाचं अक्षर वेडंवाकडं, नवशिक्यासारखं आहे, ही बातमी ठाण्यावरून गावात आली होती. तांड्याचे नाईक हरचंदजी यांचा पुतण्या तेव्हा नुकता अक्षरं गिरवत होता. त्यात, घोलप पहिल्यांदा गेले तेव्हा नाईकांनी त्यांना खूण सांगितली नव्हती. गावाने दोन आणि दोन पाच केले: अर्ज नाईकांनीच पुतण्याकडून लिहवून घेतला. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर पोचवलं, त्यांच्याबद्दल गाव चटकन वाईट मानतं. अनंतरावांनी चावडीवर उभं राहून सांगितलं, “पुरावा नसताना मी कोणावर वहीम घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.” मी तिथेच बसलो होतो. खाली मान घालून बसलो होतो.

तेव्हापासून अनंतराव दर वर्षी मला सोबत घेऊन तांड्यावर जातात आणि खूण विचारतात. नाईक आम्हा दोघांना चहा पाजतात आणि एकच उत्तर देतात, “ज्याच्यावर वहीम हाय, त्याच्या नावाचा दगड कायले?” आणि दर सभेत अनंतराव माझी ओळख करून देतात, “हे माझ्या अडचणीत धावून आलेले गुरुजी.” अकरा वर्षं मी ती ओळख घेत आलो. मला त्याची लाज वाटते.

मंडळाचं पत्र आल्यावर पाचव्या दिवशी मी तांड्यावर गेलो आणि नाईकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अकरा वर्सं तुमी माया घरचा चहा पेत राह्यले, गुरुजी.”

मी म्हटलं, चावडीवर सगळ्यांसमोर माफी मागतो.

“बोललेलं वाऱ्यावर जाते. तुमी लिवलं होतं ना? मंग आता बी लिवूनच द्या. पन यावेळी खाली नाव टाका. पुतन्या मले वाचून दाखवन. मंग मी घोलपसायबाले खून सांगन.”

त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. त्या दिवशी चहाही आला नाही.

अनंतरावांना मी हे आधी कळवलेलं नाही. आपणा सर्वांबरोबर तेही छापील वाचतील. त्यांनी माझी ती जुनी ओळख आता खुशाल खोडून टाकावी. त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, नजर आणि हात असेच शाबूत राहोत, माझ्यावर रागावण्याइतकी उमेदही राहो. आणि त्या आयुष्यातले पहिले दोन-चार दिवस त्यांनी तांड्याच्या फाट्यावर काढावेत. चुना मी कालवून ठेवला आहे.

महादेव गणपत ढोले
प्राथमिक शिक्षक