दादाच्या गाडीतल्या मॅट

माझा थोरला भाऊ बँकेच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवतो. त्याच्या बोलण्यात सारखे साहेबच असतात. वहिनी म्हणते, यांना शिंकसुद्धा साहेबांना विचारून येते. दौरा संपला की गाडी जमा करण्याआधी तो आमच्या दारात येतो, मॅट काढून कुंपणाच्या भिंतीवर आपटतो, आणि मग माझ्या लेकीला गाडीत बसवून गल्लीतून एक चक्कर मारून आणतो.

त्याची बँक सौरप्रकल्पांना कर्ज देते. शाखेत निळ्या सौरपाट्यांचे मोठे फोटो आहेत. ते पाहून आणि दादाच्या शब्दावर मी लेकीच्या शिक्षणाची ठेव तिथे ठेवली. लेकीला दमा आहे. ऊन वाढलं की तिची छाती भरते, आणि हल्ली ऊन दरवर्षी वाढतंच आहे. गेल्या उन्हाळ्यात तर शाळाच बंद ठेवावी लागली.

मला पहिला संशय आला तो भिंतीवरून. साहेबांचे दौरे सौरप्रकल्पावर असतात आणि तिथली माती तांबडी, हे दादानेच सांगितलं होतं. भिंतीवरचा डाग मात्र काळा होता. बोट फिरवलं तर शिसपेन्सिलीसारखं चकाकलं. दादाला विचारलं, तर म्हणाला डांबर असेल. पुढच्या खेपेला म्हणाला, टायरचं रबर. त्यानंतर तो मॅट गल्लीच्या तोंडाशीच झटकून येऊ लागला, तेव्हा माझी खात्रीच पटली.

"फौजदारीणबाई, तुला धुळीतही चोर दिसतो," तो हसत म्हणाला.

परवा लेक नेहमीसारखी चकरेसाठी धावत गेली, तर त्याने दार उघडलंच नाही.

"आज नको. तिच्या छातीला बरं नाही ते."

बोलून गेला, आणि मग खालीच बघत राहिला.

चहा घेताना सगळं बाहेर आलं. साहेब आधी कोळशाच्या खाणीवर जातात, मग सौरप्रकल्पावर. फोटो फक्त दुसऱ्या ठिकाणी काढतात. खाणीचं कर्ज एवढं मोठं, की त्यापुढे सौरप्रकल्प म्हणजे ताटातलं मीठ. खाण वाढवायला यंत्रं हवीत, रूळ हवेत. बँकेने हात आखडता घेतला तर तो कोळसा जमिनीतच राहील. कर्ज मिळालं की तो वर्षानुवर्षं जळणार, धूर हवेत साठणार, उन्हाळे आणखी तापणार. एवढं मी शिकलेली होते. पण त्या जाळात माझंही सरपण आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

"बँक एवढा पैसा आणते कुठून?" मी विचारलं.

"साहेब पाहुण्यांना सांगत होते, लोकांच्या ठेवी आहेतच की."

मी ठेव मोडते म्हणाले. शिफारस त्याची होती, साहेबांच्या कानावर गेलं असतं. तो आडवा येईल असंच मला वाटलं. पण काल गणवेशातच शाखेत आला आणि माझ्या शेजारी बसला. मुदतीआधी का मोडताय, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"भाचीला दमा आहे," दादा म्हणाला.

"औषधाला हवेत का?"

"नाही. तिला पुढचे उन्हाळे काढायचेत."

आज दुसऱ्या बँकेत गेले. तिथे भिंतीवर पवनचक्क्या आहेत. तिथले लोक माहितीपत्रक देऊ लागले, ते मी घेतलं नाही. इथल्या साहेबांचा ड्रायव्हर कुठे भेटेल, एवढंच विचारलं.