गच्चीचा नारळ

छप्पर हे संस्कृतीचं पहिलं लक्षण आहे, असं आमच्या सोसायटीचे अध्यक्ष सभेत म्हणाले. अध्यक्ष तळमजल्यावर राहतात.

गच्चीखालच्या घरात जोशीकाका अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या खाटेच्या बरोबर वर ओलीचा डाग आहे आणि तिथला गिलावा फुगून खाली झुकला आहे. मी भेटायला गेलो तेव्हा काका त्याच्याकडेच पाहत होते.

"आज आणखी उतरलाय," ते म्हणाले, पाहुण्याबद्दल बोलावं तसे.

डांबराची पिंपं कधीची गच्चीवर येऊन पडली होती. काम मात्र नगरसेवकांच्या हस्ते नारळ फुटल्यावरच सुरू व्हायचं होतं.

"अहो, नारळ मागाहून फोडा, आधी भेग बुजवा," काकू म्हणाल्या.

"वहिनी, शुभकार्य आहे. साहेबांनी रविवार दिलाय," अध्यक्ष म्हणाले.

पाण्याला निमंत्रण लागत नाही. ते भेगेतून शिरतं, आतल्या सळईला गंज चढवतं, आणि हे इतक्या शांतपणे करतं की खाली माणसं हारतुऱ्यांची चर्चा करत बसतात.

शुक्रवारी पाऊस लागला. शनिवारी आम्ही काकांना उचलून माझ्या घरी आणलं. संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या खाटेवर गिलावा कोसळला.

रविवारी साहेब वेळेवर आले. गच्चीवर घोटाभर पाणी असल्याने नारळ जिन्यात फोडण्यात आला.